हजेरी घ्यायचीच तर तुमची घेऊ

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या बुऱ्हाणपुरातल्या शनवाऱ्याच्या घरी भाचीला बघायला पाहुणे आले होते. चहा झाला, दराबा झाला, तापीच्या पाण्यापासून केळीच्या भावापर्यंत सगळं बोलून झालं. मग मुलाच्या काकांनी पाय जरा लांब केले आणि विचारलं, “मुलगी काय शिकलीय?”

“बी.ए. झाली. एम.ए.चं पहिलं वर्ष चालू आहे,” माझी बहीण म्हणाली.

“रेग्युलर की प्रायव्हेट?”

“प्रायव्हेट.”

“अच्छा,” काका म्हणाले.

तो ‘अच्छा’ मी ओळखते. तीस वर्षं ऐकतेय. केळीच्या घडात एक फणी काळी दिसली की व्यापारी असाच ‘अच्छा’ म्हणतो आणि क्विंटलमागे भाव पाडतो. हे काका एका खाजगी शाळेचे संचालक. त्यांच्या शाळेच्या जाहिरातीत शिक्षक हवेत, पण ‘केवळ रेग्युलर पदवीधर’. त्यांच्याकडे मी परत येणारच आहे, त्यांना मी सोडणार नाही. पण आधी या ‘अच्छा’चा समाचार घेऊ, कारण तो एका काकांचा नाही. तो प्राध्यापकांचा आहे, बँकेतल्या साहेबांचा आहे, सोयरिक जुळवणाऱ्या मावश्यांचा आहे. आणि तो निखालस खोटा आहे.

बाहेरगावच्या वाचकासाठी थोडं. मध्य प्रदेशात कॉलेजात नाव न घालता, घरी अभ्यास करून, फॉर्म भरून थेट विद्यापीठाच्या परीक्षेला बसायची सोय फार जुनी आहे. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, पेपर विद्यापीठाचा, पदवी विद्यापीठाची. सरकारी कागदावर अशा विद्यार्थ्याला म्हणतात ‘स्वाध्यायी’. काय सुंदर शब्द आहे! पतंजलीनं योगसूत्रांत जे पाच नियम सांगितले त्यात तपाच्या शेजारी स्वाध्याय बसवलाय. ज्या देशात स्वतःहून शिकण्याला तपाच्या पंक्तीला बसवलं, त्याच देशात तो शब्द मार्कशीटवर आला की लोक नाक मुरडतात. आणि नाक मुरडणारे हेच लोक व्यासपीठावर चढले की प्राचीन भारतीय ज्ञानपरंपरेवर पाऊण तास बोलतात. ज्ञानपरंपरा हवी, स्वाध्याय नको. हे जमवतात कसं?

मी स्वतः १९९३ ची प्रायव्हेट बी.ए. आहे. तेव्हा बुऱ्हाणपूर हा जिल्हाही नव्हता, तो झाला १५ ऑगस्ट २००३ ला. आमचं सगळं खंडव्याला आणि विद्यापीठ इंदूरला. बाबा पॉवरलूमवर, आम्ही चार भावंडं. मी दुपारभर साड्यांना फॉल लावायची आणि रात्री अभ्यासाला बसायची. आमच्या गल्लीत लूमच्या खटखटीत आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नसे. पण लाइट गेली की सगळे लूम एकदम थांबत. कारखानदार शिव्या देत, कारागीर बिड्या पेटवत, आणि मी कंदील लावून पुस्तक उघडायची. गल्लीचं नुकसान व्हायचं तेव्हा माझा अभ्यास व्हायचा. राज्यशास्त्राचा अख्खा पेपर मी लोडशेडिंगवर तयार केला.

घरात मराठी, पेपर हिंदीत. तेही ओझं होतं. ‘सार्वभौमत्व’ घोकायचं आणि उत्तरपत्रिकेत ‘संप्रभुता’ लिहायचं. पण ते मी केलं, कारण दुसरा रस्ताच नव्हता. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघालं होतं, मराठीतून शिकवत होतं, आणि आमच्यापासून रावेर तासाभरावर. पण त्याची केंद्रं महाराष्ट्राच्या हद्दीत. तापी इथून वाहत जळगाव जिल्ह्यात जाते, तिला कुणी रहिवासी दाखला मागत नाही. आम्हाला मात्र शिक्षणाच्या प्रत्येक खिडकीवर आधी हद्द दाखवली गेली.

परीक्षेचं केंद्र असलेल्या कॉलेजात (नाव घेत नाही, आता ती माणसंही तिथं नसतील) रेग्युलरवाल्यांना वर्गात बाक आणि आम्हा प्रायव्हेटवाल्यांना व्हरांड्यात. मार्च-एप्रिलमधलं बुऱ्हाणपूर ज्यानं पाहिलंय त्याला व्हरांडा म्हणजे काय ते सांगायला नको. प्रवेशपत्रं वाटतानाही आम्ही शेवटी. “प्रायव्हेटवाले बाद में,” असं बाबू ओरडायचा. त्या रांगेत कोण होतं ते सांगते. पोलीस लाइनीतला एक हवालदार. तान्हं मूल सासूच्या हाती देऊन आलेल्या दोन सुना. केळीच्या वखारीतला मुनीम. बुरखा घातलेली एक बाई, जिनं नंतर मोहल्ल्यात पंधरा वर्षं मुली शिकवल्या. आत पंख्याखाली बसलेल्यांमध्ये वर्षभरात पुस्तक उघडलेले किती होते, ते मला माहीत नाही. व्हरांड्यातला एकही जण पुस्तक न उघडता तिथवर पोचला नव्हता, हे मी शपथेवर सांगते.

आता ज्यांना परीक्षा देऊन मिळवलेली पदवी कमअस्सल वाटते, त्या विद्वज्जनांना थोडा इतिहास शिकवू. कारण त्यांनी तो वर्गात बसून ऐकला असावा, वाचलेला दिसत नाही.

१८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. आणि लंडन विद्यापीठ तेव्हा काय करायचं? शिकवायचं नाही! परीक्षा घ्यायचं आणि पदवी द्यायचं, बस. १८५८ मध्ये तर त्यानं कॉलेजात शिकल्याची अटसुद्धा काढून टाकली. तुम्ही शिका कुठंही, या आणि परीक्षा द्या. मुंबई विद्यापीठानं कॉलेजची अट ठेवली, हे प्रामाणिकपणे नोंदवते. पण १८६२ मध्ये न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले चौघे बी.ए. झाले, तेव्हा त्या विद्यापीठानं त्यांना एक तासही शिकवलेला नव्हता. विद्यापीठांना स्वतः शिकवण्याचा अधिकार आला १९०४ च्या कायद्यानं. मुंबईचा समाजशास्त्र विभाग उघडला १९१९ साली. म्हणजे आपल्याकडचं विद्यापीठ जन्मलं तेच मुळी परीक्षा मंडळ म्हणून. ज्या झाडाच्या फांदीवर बसून हे लोक परीक्षेला हिणवतात, त्या झाडाचं बीच परीक्षेचं आहे.

आणि आपल्याच खानदेशातला दाखला देऊ का? धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरला १९०१ साली एक मुलगा जन्मला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकला. ना कॉलेज, ना हजेरीपट. १९२३ मध्ये त्यानं कलकत्त्याच्या सरकारी संस्कृत महाविद्यालयाची परीक्षा दिली आणि तिथली पदवी घेऊन आला. ती पदवी पुढं त्याच्या नावाला अशी चिकटली की महाराष्ट्र त्याला तिच्याशिवाय ओळखतच नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी! मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक. ‘तर्कतीर्थ’ म्हणजे शिकले वाईला आणि परीक्षा दिली कलकत्त्याची, अशी पदवी आहे. आमच्या बाबूच्या हिशोबानं हे गृहस्थ व्हरांड्यात बसणार. प्राध्यापक महाशय, तुम्ही आत पंख्याखाली, आणि तर्कतीर्थ बाहेर उन्हात. पटतंय का?

आमच्या भागातल्या जुन्या मास्तरांची नावं आठवा. कुणी ‘विशारद’, कुणी ‘साहित्यरत्न’, कुणी ‘कोविद’. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या, वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या या परीक्षा. नोकरी करता करता, कंदिलाखाली अभ्यास करून दिलेल्या. त्या मास्तरांचं हिंदी आणि आजच्या शंभर टक्के हजेरीवाल्या एम.ए.चं हिंदी शेजारी शेजारी ठेवा. मी पैज लावते.

बरं, देश आपले कलेक्टर कसे निवडतो? परीक्षेनं. लोकसेवा आयोग उमेदवाराला विचारतो का, की बाळा, तुझी पंच्याहत्तर टक्के हजेरी कुठं आहे? मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी असली की झालं, दूरस्थ असो की मुक्त. लेखी परीक्षा, मुलाखत, आणि जिल्हा हातात. म्हणजे प्रायव्हेट बी.ए. झालेली मुलगी बुऱ्हाणपूरची कलेक्टर होऊ शकते, पण काकांच्या शाळेत पाचवीला भूगोल शिकवू शकत नाही. या तर्काला तीर्थ नाही, नुसता चिखल आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगानं ९ सप्टेंबर २०२२ ला लेखी जाहीर केलं की मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष आहे. त्याआधी २०२० चे नियमही तेच सांगत होते. कायदा बोलला, आयोग बोलला. तरी काका ‘अच्छा’च म्हणतात. यांना प्रमाण कोणाचं लागतं?

आता त्यांच्या लाडक्या रेग्युलरचा पट उलगडू. आमचा हा सीमेचा पट्टा. इथं एक शब्द पोराटोरांच्या तोंडी आहे: ‘नॉन-अटेंडिंग’. अर्थ असा की प्रवेश नियमित, फी पूर्ण, पण कॉलेजला यायची गरज नाही. हजेरी लागत राहील. त्याचे पैसे निराळे. बी.एड.साठी तर महाराष्ट्रातून गाड्या भरून माणसं यायची ती थेट परीक्षेलाच. शिक्षक शिक्षण परिषदेचा २०१४ चा नियम काय सांगतो? वर्गातली हजेरी ऐंशी टक्के, शाळेतल्या सरावाची नव्वद टक्के. ज्यानं उद्या चाळीस पोरांची हजेरी घ्यायची, त्याची स्वतःची हजेरी विकत घेतलेली. आणि त्याच्या मार्कशीटवर काय? रेग्युलर. ज्यानं खरं सांगितलं की बाबा मी घरी शिकतो, त्याच्यावर शिक्का. ज्यानं खोटं सांगून पैसे मोजले, त्याला मान. मला सांगा, हा शिक्का कशाचा आहे? अभ्यासाचा तर नाहीच. तो पावतीचा आहे. रेग्युलर म्हणजे ज्यानं जास्त पैसे भरले तो. बाकी सगळा भुलभुलैया.

पैशावर आलोच आहोत तर हिशोब मांडू, कारण हा सगळा मामला शेवटी पैशाचा आहे आणि त्याबद्दल कुणी मोकळेपणानं बोलत नाही. आमच्याकडची पोरं बी.ए., बी.कॉम.साठी इंदूरला जातात. भंवरकुआँच्या आसपास खोली घेतात. खोलीचे चार हजार धरा, डब्याचे तीन हजार धरा. महिन्याचे सात हजार. वर्षाचे दहा महिने धरले तर सत्तर हजार, तीन वर्षांचे दोन लाख दहा हजार. यात कॉलेजची फी नाही, रिक्षा नाही, मोबाइल नाही, आजारपण नाही. आणि याच्या बदल्यात तो ज्या वर्गात जातो, तिथं शिक्षक आहे की नाही हे नशिबावर.

दुसऱ्या बाजूला इग्नू. १९८५ साली संसदेच्या कायद्यानं निघालेलं विद्यापीठ. बी.ए.ची वर्षाची फी चार-पाच हजारांच्या घरात, वर पेपरमागे परीक्षेचे दोनशे. छापील पुस्तकं हवीत तर ती येतात, नको असतील तर फीत सूट. परीक्षा जूनला आणि डिसेंबरला. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरवून पुरवून करता येते. बाळंतपण आलं, थांबा. बाप आजारी पडला, थांबा. लूम बंद पडला आणि हातात पैसे नाहीत, या सत्रात दोनच पेपर द्या. तीन वर्षांचा सगळा खर्च पंचवीस हजारांत बसतो. दोन लाख दहा हजार एकीकडे, पंचवीस हजार दुसरीकडे. मधल्या पावणेदोन लाखांच्या वर रकमेत एक बाप लूम विकायचा वाचतो. हा हिशोब ज्याला कळत नाही त्यानं कॉमर्सची पदवी परत करावी, ती कुठल्याही पद्धतीनं मिळवलेली असो.

राज्याची भोज मुक्त विद्यापीठाची वाटही आहे, १९९१ पासूनची. शाळेच्या पातळीवर तर मध्य प्रदेश सरकारनं २०१६ मध्ये नापास पोरांसाठी योजना काढली आणि तिचं नावच ठेवलं ‘रुक जाना नहीं’. दहावी-बारावीत अडलात तर पुन्हा बसा, लगेच बसा. उत्तम. माझा पूर्ण पाठिंबा. मग बी.ए.च्या पोरीनंच काय घोडं मारलंय? एक पेपर गेला की पूरक परीक्षेची वाट बघ, निकालाची वाट बघ, त्या निकालाच्या दुरुस्तीची वाट बघ. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात मागाल तेव्हा परीक्षा देता येते. बारावीचा विद्यार्थी तयार झाला की परीक्षा देतो, आणि पदवीचा विद्यार्थी कॅलेंडरच्या दारात बसून राहतो. मोठं झाल्यावर माणसाचा वेळ स्वस्त होतो, असा शोध लागलाय काय?

नव्या शैक्षणिक धोरणाची कथा याहून भारी. २०२० चं धोरण, मध्य प्रदेशानं २०२१ मध्ये झपाट्यानं लागू केलं. त्याच वर्षी जुलैत विद्यापीठ अनुदान आयोगानं क्रेडिटची बँक काढली. कल्पना मला मनापासून आवडली. तुम्ही जिथं जे शिकाल त्याचं क्रेडिट खात्यात जमा, पुरेसं साठलं की पदवी. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांची परीक्षा द्या, आणि एका सत्रातली चाळीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स तिथून आणा, अशी मुभा नियमानं दिली. आता ऐका. आमच्या शेजारच्या विणकराचा मुलगा. परगावी एका कॉलेजात शिकतो. त्यानं आयआयटीच्या प्राध्यापकांचा बारा आठवड्यांचा कोर्स मोबाइलवर केला, हजार रुपये परीक्षेचे भरले, पहाटेची गाडी पकडून केंद्रावर गेला, पास झाला. प्रमाणपत्र घेऊन कॉलेजात गेला. उत्तर मिळालं, “हमारे यहाँ नहीं चलता.” कागद कोणता? नियम कोणता? काही नाही. नहीं चलता. तोच विषय त्याला कॉलेजात पुन्हा घ्यावा लागला, आणि शिकवायला होते एक अतिथी विद्वान, म्हणजे तात्पुरते प्राध्यापक, जे दिवाळीनंतर आलेच नाहीत.

आणि याच मुलाकडून परीक्षेच्या फॉर्मवर क्रेडिट बँकेचा बारा अंकी नंबर सक्तीनं भरून घेतला. एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवाल्यानं खातं काढायचे पन्नास रुपये वेगळे घेतले. खातं आहे, नंबर आहे, पासवर्ड आहे, आणि जमा करायला गेलं की कॅशियर म्हणतो पैसे घेत नाही. अशी बँक शहरात कुणी उघडली असती तर लोकांनी दगड मारून काचा फोडल्या असत्या.

आता समुद्रापार चला. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्या मुलीनं शाळेत असतानाच काही परीक्षा दिल्या आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षातले विषय त्यातून सोडवले. तिकडं ही सोय जुनी आहे. ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’, म्हणजे एपीच्या परीक्षा १९५० च्या दशकापासून, ‘कॉलेज लेव्हल एक्झॅमिनेशन प्रोग्रॅम’, म्हणजे क्लेपच्या १९६७ पासून. शंभरेक डॉलर भरा, क्लेपचा दीड तासाचा पेपर द्या, आणि जो विषय कॉलेजात घ्यायला हजारो डॉलर लागले असते त्याचं क्रेडिट घेऊन जा. त्याच न्यू जर्सीत थॉमस एडिसनच्या नावाचं एक सरकारी विद्यापीठ आहे, १९७२ मध्ये निघालेलं, खास नोकरदार मोठ्या माणसांसाठी. बाहेर दिलेल्या परीक्षांची, कामावर शिकलेल्या गोष्टींची क्रेडिट्स जोडून ते पदवी देतं. फी कशी भरायची याचेही पर्याय असतात, आणि लोक वही घेऊन बसून त्यांची तुलना करतात, यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

भावाच्या मुलीची बातमी कुटुंबाच्या ग्रुपवर आली तेव्हा काय वर्षाव! “वा, किती हुशार, एक सेमिस्टर वाचवलं!” “बापाचे पैसे वाचवले गं पोरीनं!” त्याच ग्रुपवर माझी भाची बी.ए. झाल्याचं टाकलं, तर खाली एक अंगठा आणि प्रश्न, “कॉलेज कोणतं?” दोघींनी केलं काय? घरी अभ्यास केला, परीक्षा दिली, बापाचे पैसे वाचवले. एकीचं झालं क्रेडिट, दुसरीचं झालं प्रायव्हेट. डॉलरमध्ये वाचवले की काटकसर, रुपयांत वाचवले की दारिद्र्य. ही मानसिकता ज्यांच्या डोक्यात आहे त्यांना कुठल्याही विद्यापीठानं पदवी दिली असली तरी ते अडाणीच आहेत.

दक्षिण आफ्रिकेच्या विद्यापीठानं नेल्सन मंडेलांना १९८९ मध्ये कायद्याची पदवी दिली तेव्हा ते तुरुंगात होते. टपालानं शिकलेले. त्यांना कुणी विचारावं, रेग्युलर की प्रायव्हेट?

आणि जे चांगलं होतं ते आपण मोडलं, याचा मला सर्वांत जास्त राग आहे. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, १९२० ची संस्था. तिची एएमआयई परीक्षा. डिप्लोमा करून नेपानगरच्या कागद गिरणीत किंवा भुसावळला रेल्वेत लागलेल्या माणसाला इंजिनिअर व्हायचं तर हीच शिडी होती. पाळी करून यायचं आणि रात्री सेक्शन ए, सेक्शन बी. पास होणं महाकठीण. वर्षानुवर्षं लोक बसत, कारण तिथं हजेरीचे गुण नव्हते, अंतर्गत गुण नव्हते, सरांची मर्जी नव्हती. जे येतं ते लिहा. केंद्र सरकारनं ठरवलं की ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच ही परीक्षा पदवीच्या बरोबरीची. पुढं बंद. ज्या काळात गल्लोगल्ली इंजिनिअरिंग कॉलेजं उघडून रिकाम्या बाकांना शिकवत होती, त्याच काळात देशातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कडक इंजिनिअरिंगची वाट मिटवली. शिडी काढून घेतली आणि खाली उभ्या माणसाला लिफ्टचं तिकीट विकायला सुरुवात केली.

आमच्या बाजूचेही किडे मला माहीत आहेत आणि मी ते झाकणार नाही. ‘वन वीक’ गाइड घोकून पास होणारे आहेत. कॉपीवर तरलेले आहेत. आणि सर्वांत विषारी म्हणजे भिंतींवर ‘एका वर्षात बी.ए.’ रंगवणारे दुकानदार. यांच्या नादी लागलेल्यांचं काय होतं? सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१७ मध्ये काही अभिमत विद्यापीठांच्या पत्रव्यवहारानं दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्या उडवल्या. नोकरीत रुळलेली माणसं रस्त्यावर आली. २००९ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं होतं की पहिली पदवी न घेता थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेली एम.ए. चालणार नाही. म्हणून माझ्याकडं फॉर्म भरायला येणाऱ्या प्रत्येक पोरीला मी आधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची यादी उघडायला लावते. विद्यापीठ यादीत आहे का? तो विषय यादीत आहे का? हे वर्ष यादीत आहे का? तिन्ही उत्तरं ‘हो’ आली तरच पैसे काढ. आता तर विद्यार्थ्याला त्या विभागाचा स्वतःचा ‘डीईबी’ नंबर काढावा लागतो, तोही तिच्याच मोबाइलवरून काढून घेते, दलालाच्या नाही. आणि प्रयोगशाळा लागते ते विषय घरी होत नाहीत. रसायनशास्त्र कंदिलाखाली येत नाही, हे मी कुणालाही स्पष्ट सांगते.

पण ठग आहेत म्हणून वाट वाईट, हा न्याय कुठला? मग रेग्युलरमध्ये नॉन-अटेंडिंगचा धंदा आहे म्हणून सगळी कॉलेजं बंद करायची का? परीक्षेत कॉपी होते तर कॉपी पकडा. पेपर घोकंपट्टीचा निघतो तर पेपर काढणाऱ्याला जाब विचारा, तो तुमच्याच वर्गातला प्राध्यापक आहे. परीक्षा कडक करा, वर्षातून चारदा घ्या, केंद्र नेपानगरला द्या, खकनारला द्या. तोंडी परीक्षाही घ्या. माझी भाची येईल, तुमच्यासमोर बसेल आणि उत्तरं देईल. तयारी आहे का? तयारी नाही, हे मला माहीत आहे. कारण असली परीक्षा खरोखर घेतली तर पहिल्यांदा रेग्युलरवाले उघडे पडतील.

हं, आता काका.

‘अच्छा’ म्हणून झाल्यावर काकांनी आम्हाला शिक्षणाचं महत्त्व समजावलं. कॉलेजच्या वातावरणानं व्यक्तिमत्त्व कसं घडतं, प्राध्यापकांच्या सहवासानं संस्कार कसे होतात, सगळं सविस्तर. भाची शांतपणे ऐकत होती. तिनं बशा उचलल्या, परत येऊन बसली आणि विचारलं, “काका, तुमचं बी.एड. कुठून झालं?”

काकांनी एका गावाचं नाव सांगितलं. इथून पाचशे किलोमीटर असेल.

“मग दोन वर्षं तिकडंच राहिलात? शाळा कोणी सांभाळली?”

“नाही गं बेटा,” काका हसले. त्यांना प्रश्नात काही वावगं वाटलंच नाही. “जायचं काम पडलं नाही. तिथं आपली ओळख होती, सगळं सेट होतं. परीक्षेला तेवढं जाऊन आलो.”

“म्हणजे प्रायव्हेट.”

“छे छे,” काका म्हणाले, “रेग्युलर.”